११२ लागला, पण गाडी यायची कुठे? जळगाव-धुळ्यातून आपत्कालीन फोन करताना

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून ११२ लावला की फोन आपल्या पोलीस ठाण्यात वाजतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. तो ठाण्यातही वाजत नाही आणि तालुक्यालाही नाही. फोन आधी जातो नवी मुंबईत, महापे इथल्या केंद्रात. तिथल्या लाईनी गुंतलेल्या असल्या तर नागपूरच्या केंद्रात. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला तर तो पुण्यात, औंधच्या केंद्रात उचलला जातो.

म्हणजे पलीकडे बोलणारा माणूस आपल्यापासून चारेकशे किलोमीटरवर बसलेला असतो. त्याने आपलं गाव पाहिलेलं नसतं. गावदरवाजा कुठे, मरीमातेचं मंदिर कुठे, नाल्यापलीकडची वस्ती कोणती, यातलं त्याला काही माहीत नसतं. ‘अमक्याच्या वावरात या, लवकर या’ एवढं ओरडून फोन ठेवला तर त्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. नंबर सगळ्यांना पाठ झालेत. गाडी अडते ती पत्त्यावर.

फोन उचलल्यावर काय होतं

महाराष्ट्रात ११२ सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. पोलीस, आग, रुग्णवाहिका, महिलांवरचा अत्याचार, कशासाठीही हा एकच नंबर लावता येतो. ही देशभराची यंत्रणा आहे. तिचं सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संस्थेने केलं आणि खर्च निर्भया निधीतून झाला. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनंतर या कामाला खरा जोर आला. पहिलं राज्य होतं हिमाचल प्रदेश, नोव्हेंबर २०१८ मध्ये.

यात दोन वेगवेगळी माणसं काम करतात, हे समजून घेतलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. पहिला कॉल घेणारा. तो नवी मुंबईत किंवा नागपुरात असतो. तो फोन उचलतो, काय झालं ते विचारतो, ठिकाण विचारतो आणि संगणकावर त्या घटनेची नोंद उघडतो. दुसरा डिस्पॅचर, म्हणजे गाडी पाठवणारा. तो आपल्या जिल्ह्यातल्या पोलीस नियंत्रण कक्षात असतो. पहिल्याने नोंद भरली की ती जळगावच्या किंवा धुळ्याच्या कक्षात पडद्यावर येते. जिल्ह्यातल्या गाड्या नकाशावर कुठे उभ्या आहेत हे डिस्पॅचरला दिसतं. त्यातली जवळची, मोकळी गाडी तो निवडतो. गाडीत एमडीटी म्हणतात तो टॅबसारखा पडदा बसवलेला असतो, त्यावर निरोप जातो. गाडीतल्या पोलिसाने तो स्वीकारायचा, निघायचं, पोहोचल्याची नोंद करायची आणि काय कारवाई केली ते लिहायचं. तोवर ती घटना बंद होत नाही, कक्षाच्या पडद्यावर तशीच उघडी राहते.

प्रकरण दवाखान्याचं असेल तर निरोप १०८ कडे जातो, आगीचं असेल तर अग्निशमनाकडे. त्यामुळे आजारी माणसासाठी सरळ १०८ लावला तर एक टप्पा वाचतो.

इथे एक गोष्ट लोकांना खटकते. ‘विचारत काय बसता, गाडी पाठवा ना!’ अशी चिडचिड होते, आणि समोर रक्त दिसत असताना ती साहजिकच आहे. पण बोलणं चालू असतानाच नोंद भरली जात असते. ठिकाण भरलं गेलं की ती पुढे सरकवता येते आणि बाकीचे प्रश्न नंतरही चालू राहतात. म्हणून पहिल्या वाक्यात ठिकाण, दुसऱ्यात काय झालं, आणि मग जे विचारतील ते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. भांडण कशावरून सुरू झालं, बांध कुणी कोरला, तलाठ्याने मोजणी कशी केली, हे सगळं आधी सांगून होतं आणि गावाचं नाव शेवटी येतं.

डिस्पॅचरच्या कामातला अवघड भाग आपल्याला दिसत नाही. समजा रात्रीची वेळ आहे, भागात गाडी एकच आहे आणि नोंदी दोन आल्या. एक दारू पिऊन घरात मारहाणीची, दुसरी महामार्गावर मोटारसायकल पडल्याची. आधी कुठे पाठवायची हे त्याने मिनिटभरात ठरवायचं असतं, आणि तेही फक्त पहिल्या माणसाने लिहिलेल्या दोन ओळींवरून. त्या दोन ओळी आपणच बोललेल्या असतात. ‘हाणामारी चालू आहे’ आणि ‘कोयता हातात आहे, एक जण पडलेला आहे’ यात फार फरक आहे. वाढवून सांगू नये, पण हत्यार, आग, बेशुद्ध माणूस, लहान मूल, गरोदर बाई, अडकलेला माणूस यातलं काही असेल तर ते राहून जाऊ देऊ नये.

एकाच नावाची गावं

मोबाइलवरून ठिकाण आपोआप कळतं, हा समज अर्धाच खरा आहे. फोन कुठल्या टॉवरवरून आला यावरून अंदाज लागतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे तो अंदाज बरा येतो. आपल्याकडे एका टॉवरवर चार-पाच गावं चालतात. तेवढ्या शिवारात माणूस शोधायचा म्हणजे रात्र जाते. सिम ज्याच्या नावावर आहे त्याचा पत्ता तर काहीच कामाचा नाही. सिम सुरतेला घेतलेलं असतं आणि माणूस पारोळ्याच्या शिवारात असतो.

त्यात नावांचा घोळ. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत वैजापूर आहे आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तालुक्याचं वैजापूर आहे. धुळे तालुक्यात महामार्गावर आर्वी आहे, तालुक्याची आर्वी वर्ध्याकडे आहे. साक्री तालुक्यात पिंपळनेर, बीडकडेही पिंपळनेर. धुळ्याजवळ नेर, यवतमाळात तालुक्याचं नेर. शिंदखेडा आणि सिंदखेडराजा हे ऐकायला जवळचं वाटतं, पण एक धुळ्यात आणि दुसरं बुलढाण्यात. जळगाव म्हटलं तरी जळगाव जामोद निघू शकतं. जिल्ह्याच्या आतही तेच. जळगाव तालुक्यात शिरसोली प्र.बो. आणि शिरसोली प्र.न. अशा दोन आहेत. बुद्रुक आणि खुर्द तर पावलोपावली. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव या नावांची मोजदाद करायलाच नको.

म्हणून क्रम असा ठेवावा: जिल्हा, तालुका, गाव, मग खूण. ‘जळगाव जिल्हा, पाचोरा तालुका, पिंपळगाव हरेश्वर.’ बुद्रुक की खुर्द ते गावाच्या नावासोबतच. सरपंचाचं किंवा पुढाऱ्याचं नाव सांगू नये, ते फक्त गावाला माहीत असतं.

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे शिरपूर तालुक्यात बोराडीच्या वर, चोपडा-यावलच्या पाड्यांवर किंवा रावेरात पालकडे, फोन कधी मध्य प्रदेशातल्या टॉवरवर जातो. तसं झालं तर आपत्कालीन फोनही त्या राज्याच्या केंद्रात लागण्याची शक्यता असते. तिथे आधी ‘महाराष्ट्र’ म्हणावं. उलट पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने गावाकडच्या आई-वडिलांसाठी पुण्यातून ११२ लावला तरी चालतं. केंद्र राज्याला एकच आहे, फक्त ‘मी पुण्यातून बोलतोय, घटना धुळे जिल्ह्यातली आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावं. सुरतेहून लावला तर मात्र तो गुजरातच्या केंद्रात जाईल. सुरतेत आपली माणसं किती आहेत हे सांगायला नको. त्यांनी ११२ लावण्यापेक्षा गावातल्या शेजाऱ्याला उठवून त्याला फोन करायला लावावं.

भाषेचंही थोडं. घाबरलेला माणूस घरच्या भाषेत बोलतो. आपल्याकडे ती अहिराणी असते, पाड्यांवर पावरी किंवा भिलोरी. अहिराणी निदान जिल्ह्याच्या कक्षात कळते. महाप्याला कळेलच असं नाही. घरात मराठी किंवा हिंदी बरी बोलणारं शाळकरी पोर असेल तर फोन त्याच्या हातात द्यायला काही हरकत नाही. पोरं मोठ्यांपेक्षा शांतपणे सांगतात.

वावराचा पत्ता

गावातलं घर तरी सापडतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच घटना शिवारात होतात. रात्रीच्या पाळीची लाईट असते, माणूस मोटर चालू करायला जातो, साप चावतो. विहिरीत पडतो. ट्रॅक्टर उलटतो. फवारणी करताना चक्कर येते. वावराला पत्ता नसतो. गट नंबर सांगून उपयोग नाही, तो रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या कामाचा नाही.

उपयोगी पडते ती पक्क्या रस्त्यावरची जागा. गाडी जिथपर्यंत येऊ शकते तो फाटा, शाळा, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, जिनिंग, सबस्टेशन, पूल. तिथे एक माणूस बॅटरी घेऊन उभा करायचा आणि फोनवर तेच सांगायचं: ‘फाट्यावर माणूस उभा आहे, तो पुढे घेऊन येईल.’ पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर रुग्णवाहिका घालायचा हट्ट धरू नये. ती फसली की रुग्णही गेला आणि गाडीही. ट्रॅक्टरने किंवा बैलगाडीने रुग्ण रस्त्यापर्यंत आणायचा की गाडीची वाट पाहायची, हे १०८ च्या डॉक्टरला फोनवर विचारता येतं. मान किंवा पाठीला मार असेल, माणूस उंचावरून किंवा विहिरीत पडला असेल, तर विचारल्याशिवाय हलवू नये.

स्मार्टफोन असेल तर शांत वेळी वावरात उभं राहून लोकेशन सेव्ह करून ठेवावं, आणि ते घरातल्या बाईमाणसाच्या आणि सालदाराच्या फोनमध्येही असावं. निघालेल्या गाडीतून ड्रायव्हरचा किंवा पोलिसाचा फोन येतो, त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपने लोकेशन टाकलं की बाकी समजवायची गरज पडत नाही.

आणि हाच फोन आपल्याकडे उचलला जात नाही. अनोळखी नंबर म्हणून कट केला जातो, नाहीतर लाईन बिझी असते. ११२ किंवा १०८ लावून झाला की माणूस लगेच मामाला, काकाला, साडूला फोन लावत बसतो. तिकडे गाडी गावाच्या फाट्यावर उभी राहून विचारत असते, यायचं कुठे. ज्या फोनवरून मदत मागितली तो गाडी येईपर्यंत मोकळा ठेवावा. पाहुण्यांना दुसऱ्या फोनवरून कळवावं. रिचार्ज संपलेल्या फोनवरून आपत्कालीन नंबर लागतो, पण पॅक संपून बरेच दिवस झाले असतील तर आत येणारे फोनही बंद झालेले असू शकतात. तेव्हा शेजाऱ्याचा दुसरा नंबर सांगून ठेवावा. फोन लॉक असला तरी ‘इमर्जन्सी’ दाबून नंबर लावता येतो, पिन लागत नाही. साध्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन फोन जावा, अशी तरतूद केंद्राच्या २०१६ च्या नियमात आहे. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर दाबायचं असतं, नियमात तीनदा आहे, नव्या फोनांमध्ये पाचदाही लागतं. आपल्या फोनवर कसं आहे ते आधी सेटिंगमध्ये पाहून घ्यावं.

रस्ता आणि रेल्वे

खान्देशातून राष्ट्रीय महामार्ग ५३ आडवा जातो: साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. महामार्ग ५२ शिरपूर, धुळे, चाळीसगाव करत कन्नड घाटात चढतो. ‘धुळे रोडवर अपघात झालाय’ एवढ्यावर गाडी कुठल्या दिशेने धावणार? रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड वाचावा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडावर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर असतं. दुभाजक असेल तर कुठल्या बाजूला घटना आहे, म्हणजे कुठून कुठे जाणारी बाजू, हे सांगायलाच हवं. नाहीतर गाडी पलीकडच्या बाजूला येते आणि वळायला पुढच्या कटपर्यंत जाते. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा वेगळा नंबर आहे. क्रेन आणि टोलची रुग्णवाहिका त्यावरून मिळते.

४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. अशा वेळी जखमी किती, हा पहिला प्रश्न असतो. अचूक आकडा नको, पण ‘एक-दोन’ की ‘दहापेक्षा जास्त’ एवढं तरी सांगावं. त्यावरच एक रुग्णवाहिका निघते की चार तालुक्यांतून निघतात, ते ठरतं.

रेल्वेसाठी १३९. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात माहेजी-परधाडे दरम्यान आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्सप्रेसने उडवलं. किमान बारा जण गेले. रुळावरच्या घटनेत ठिकाण सांगायची सोय चांगली आहे, फक्त कुणाला ठाऊक नसते. वीज वाहून नेणाऱ्या प्रत्येक खांबावर दोन आकडे लिहिलेले असतात, किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला खांब. ते आकडे आणि मागचं-पुढचं स्टेशन सांगितलं की रेल्वेला जागा कळते.

अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस आपल्यालाच गुंतवतील, ही भीती जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्यावर निर्णय दिला आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तोच ठरवतो. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेतून २५ हजार रुपये आहेत. जखमीच्या उपचारासाठी मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाची कॅशलेस योजनाही आहे. दवाखान्यात पोहोचल्यावर तिचं नाव घ्यावं, आपणहून कुणी सांगेलच याची खात्री नाही.

१०८ आणि १०२

महाराष्ट्रात १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. देशात ती त्याआधी, १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादमध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे सुरुवातीला ९३७ गाड्या घेतल्या गेल्या: २३३ मोठ्या, म्हणजे व्हेंटिलेटरसह सगळी साधनं असलेल्या, आणि ७०४ साध्या. गाडीत डॉक्टर असतो हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य. पैसे लागत नाहीत. गाडी जवळच्या योग्य सरकारी दवाखान्यात नेते. गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी तान्हं बाळ यांच्यासाठी १०२ आहे, त्या गाड्या आरोग्य केंद्रांवर असतात. आशाताईचा नंबर घरात लिहिलेला असतोच, तिला कळा सुरू झाल्याझाल्या सांगितलं तर हा फोन तीही करते.

सापाचं थोडं जास्त सांगायला हवं. मण्यार रात्री चावतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस मुंगी चावली म्हणून झोपून जातो. पहाटे पापण्या जड होतात, बोलता येत नाही, पोटात दुखतं. हे १०८ ला तसंच सांगावं. चावल्याची वेळ, आता काय होतंय आणि श्वास कसा चालू आहे. साप ओळखता येत असेल तर सांगावं, मारून सोबत न्यायची गरज नाही. दोरी करकचून बांधू नये, ब्लेडने कापू नये, चावलेला हात-पाय हलवू नये. भगताकडे आधी आणि दवाखान्यात नंतर, या क्रमाने आपल्या भागात किती माणसं गेली ती ज्याच्या त्याच्या गावाला माहीत आहेत. भगत सकाळीही भेटतो.

फवारणीचं किंवा प्यायलेलं औषध असेल तर डबा सोबत घ्यावा आणि त्यावरचं नाव फोनवरच वाचून दाखवावं. उलटी करवू नये.

वीज, आग, पूर, बिबट्या

तारेला चिकटलेल्या माणसाला ओढायला गेलेला दुसराही जातो. अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात. आधी लाईन बंद व्हायला हवी. महावितरणचे नंबर १९१२, १८००-२३३-३४३५ आणि १८००-२१२-३४३५. तिथे सबस्टेशन आणि फीडरचं नाव सांगितलं तर काम लवकर होतं. लाईनमनचा नंबर प्रत्येकाकडे असतो आणि तो उचलला तर तोच सगळ्यात जवळचा. पण लाईनमन ‘बंद केली’ म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या फोनवरून १०८.

आगीसाठी १०१ आहे. मात्र बंब नगरपरिषदेकडे, महापालिकेकडे किंवा एमआयडीसीत असतात. खळ्यातली कडब्याची गंजी किंवा घरात भरलेला कापूस पेटला तर अंतर जास्त आणि वेळ कमी. जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमनाचा थेट नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला असावा. आत गॅस सिलिंडर, डिझेल किंवा खत-औषधाचा साठा असेल तर तो सांगावाच. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडी इथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आसपासची घरंही हादरली होती. आत काय आहे हे माहीत नसताना बंबावरचे लोक आत शिरतात, आणि मग त्यांच्याच जिवावर येतं.

पुराला जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०. जिल्ह्याबाहेरून १०७७ लावताना आधी एसटीडी कोड लागतो, जळगाव ०२५७, धुळे ०२५६२. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी पडल्या आणि त्याच पावसाने चाळीसगावात पाणी शिरलं, हे लोकांच्या लक्षात आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यातच आहे, ही आपल्या बाजूने चांगली गोष्ट. पण ती बोलवायची जिल्हा प्रशासनाने, म्हणून फोन १०७७ लाच. किती माणसं अडकली, छतावर आहेत की झाडावर, पाणी चढतंय की उतरतंय, हे सांगावं.

बिबट्या, अस्वल, किंवा विहिरीत पडलेलं जनावर यासाठी वनविभागाचा १९२६. गुरांच्या आजाराला १९६२.

पैसे गेले तर

खात्यातून पैसे उडाले तर ११२ पेक्षा १९३० बरा. हा फक्त सायबर फसवणुकीसाठी आहे आणि इथे मिनिटं मोजली जातात. तक्रार आली की ती रक्कम ज्या बँकेत पोहोचली तिला यंत्रणेतून कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असेल तेवढी गोठवली जाते. पुढच्या चार खात्यांत विखुरली किंवा एटीएमने काढली गेली की हाती काही लागत नाही. रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा नंबर तयार ठेवून फोन करावा. केळीचे किंवा कापसाचे पैसे खात्यात पडल्याच्या दिवसांत ‘केवायसी’वाले फोन येतात, तेव्हा तर हा नंबर पाठ असलेला बरा. लाजेपोटी दोन दिवस घरात न सांगणारे जास्त गमावतात.

मुलांसाठी १०९८. ही सेवा महाराष्ट्रातच जन्मली, १९९६ मध्ये मुंबईत, रस्त्यावरच्या मुलांसाठी. बालविवाह ठरल्याचं कळवायलाही हाच नंबर. लग्न लागून गेल्यावर कळवण्यापेक्षा साखरपुड्याला कळवलेलं बरं.

घरात मारहाण होत असताना बाईला मोकळं बोलता येत नाही. अशा वेळी फोन चालू ठेवून बाजूला ठेवला तरी पलीकडचा आवाज ऐकत असतो. गावाचं नाव तेवढं कसंही करून तोंडातून गेलं पाहिजे.

खोटे फोन

या सगळ्या कक्षांना सर्वात जास्त त्रास होतो तो न बोलणाऱ्या आणि खोट्या फोनचा. खिशात दाबला गेलेला, पोराने खेळता खेळता लावलेला, दारूच्या नशेत ‘बघू येतात का’ म्हणून केलेला. चुकून लागला तर कट करू नये, ‘चुकून लागला’ एवढं म्हणावं. कट केला तर पलीकडून परत फोन येतो, माणूस अडचणीत आहे का हे त्यांना पाहावंच लागतं. मुद्दाम खोटी माहिती दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोनची रांग किती महाग पडते याचं उदाहरण लंडनचं आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथे एका घराला आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण एक्सचेंजमध्ये तो इतर साध्या फोनांच्या रांगेत अडकला. त्यानंतर ३० जून १९३७ ला ९९९ हा जगातला पहिला आपत्कालीन नंबर सुरू झाला. अमेरिकेचा ९११ त्यानंतर ३१ वर्षांनी आला.

ज्या गावांना स्वतःचं काही करायचं आहे त्यांच्यासाठी काम थोडंच आहे. गावाच्या फाट्यावर गावाचं पूर्ण नाव, बुद्रुक-खुर्दसह, आणि तालुका लिहिलेली पाटी. पोलीस पाटलाकडे वस्त्या आणि पाड्यांची यादी, प्रत्येकाकडे गाडी कुठल्या रस्त्याने आणि कुठपर्यंत जाते त्याची नोंद, पावसाळ्यातली वेगळी. ही यादी आपल्या पोलीस ठाण्यात आणि आरोग्य केंद्रात दिली तर गाडीतल्या लोकांना रात्री विचारत फिरावं लागत नाही. आणि पाटीवरचा रंग उडाला असेल तर तो पोळ्याच्या आत मारून घ्यावा, कारण साप आणि पाणी दोन्ही तेव्हाच जास्त असतात.